बातमी किती दिवसांत पोहोचली? ट्रोव्ह आणि क्रॉनिकलिंग अमेरिका या दोन मोफत वृत्तपत्र-संग्रहांचं परीक्षण

वृत्तपत्रांच्या आणि दळणवळणाच्या इतिहासाबद्दलची बरीचशी विधानं आपण दुसऱ्याकडून उचललेली असतात. तार आली आणि बातम्या वेगानं धावू लागल्या, असं सगळेच म्हणतात. नेमक्या कोणत्या महिन्यात, कोणत्या पानावर, आणि त्या वेगापायी मजकुराचं काय झालं, हे मात्र मूळ पानं उघडल्याशिवाय कळत नाही. ती पानं घरबसल्या, विनामूल्य उघडून देणाऱ्या सेवांपैकी दोन सर्वांत कामाच्या आहेत: ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा 'ट्रोव्ह' आणि अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'चा 'क्रॉनिकलिंग अमेरिका'.

निकाल आधीच सांगून टाकते. शोधायला आणि वाचायला ट्रोव्ह सरस आहे, आणि नवख्यानं सुरुवात तिथूनच करावी. क्रॉनिकलिंग अमेरिकाचा उपयोग वेगळा; एकाच दिवसाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या पाहायच्या असतील किंवा हजारो पानांचा मजकूर एकदम उतरवून त्यावर काम करायचं असेल, तर त्याला तोड नाही. पण शोधपेटीत शब्द टाकून आलेल्या आकड्यावर विसंबाल, तर दोन्हीकडे सारखेच फसाल. तसं का होतं आणि ते कसं टाळायचं, यावरच इथे जास्त भर दिला आहे.

आधी व्याप्ती. ट्रोव्हमधली वृत्तपत्रं ५ मार्च १८०३ च्या 'सिडनी गॅझेट'च्या पहिल्या अंकापासून सुरू होतात आणि बहुतेक सगळी १९५४ ला थांबतात. ही रेषा ऑस्ट्रेलियाच्या कॉपीराइट कायद्यामुळे आली आहे. १९५५ पूर्वीचा मजकूर तिथे सर्रास खुला धरला जातो. अपवाद मोजके, पण महत्त्वाचे: 'कॅनबेरा टाइम्स' १९९५ पर्यंत आणि 'ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली' १९८२ पर्यंत मिळतं. त्यामुळे ऑस्ट्रेलियातल्या टीव्हीच्या पहिल्या दशकांवर काम करणाऱ्याला ट्रोव्ह अर्ध्यावरच सोडतो.

क्रॉनिकलिंग अमेरिकामागे २००५ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय डिजिटल वृत्तपत्र कार्यक्रम आहे. पैसा 'नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज' या अमेरिकी सरकारी संस्थेचा, साठवण आणि देखभाल लायब्ररी ऑफ काँग्रेसची. संकेतस्थळ २००७ मध्ये आलं. सुरुवातीला फक्त १९०० ते १९१० ही वर्षं घेतली होती. पुढे ती १८३६ ते १९२२ झाली, आणि २०१६ पासून १६९० ते १९६३ पर्यंतची पानं घ्यायला परवानगी मिळाली. आज तिथे दोन कोटींहून जास्त पानं आहेत. प्रत्येक राज्यातली एक संस्था अनुदान घेते, दोन वर्षांत साधारण एक लाख पानं तयार करून देते, आणि कोणती पत्रं घ्यायची हे तिथल्या तिथे ठरतं. संग्रह असा टप्प्याटप्प्यानं वाढल्यामुळे विसाव्या शतकाच्या आगेमागे पानांची दाटी आहे आणि १८३० च्या आधीचा काळ विरळ. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे मोजणीच्या वेळी ती आडवी येते.

आता मजकूर तयार कसा होतो ते. १८७० च्या सुमारापासून वृत्तपत्रं लाकडाच्या लगद्याच्या कागदावर छापली जाऊ लागली. हा कागद आम्लधर्मी. काही दशकांत पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. म्हणून विसाव्या शतकात ग्रंथालयांनी अंकांचे बांधीव खंड ३५ मिलिमीटरच्या मायक्रोफिल्मवर उतरवून ठेवले. आज आपल्याला पडद्यावर दिसतं ते बहुतेक वेळा या फिल्मचं स्कॅनिंग असतं; मूळ कागदाचं क्वचितच. अमेरिकेच्या कार्यक्रमात ते करड्या छटांमध्ये, शक्यतो ४०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ४०० ठिपके धरून, होतं. मग त्यावर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारी संगणकीय प्रक्रिया, चालवून यंत्रानं वाचलेला मजकूर मिळतो, आणि शोध चालतो तो या मजकुरावर. म्हणजे फिल्म काढताना झालेली प्रत्येक चूक शोधापर्यंत उतरते. खंडाच्या शिवणीकडे कागद वळलेला असतो, तिथल्या आतल्या स्तंभातली अक्षरं आक्रसतात किंवा सावलीत जातात. पातळ कागदावर मागच्या पानाची शाई पुढे दिसते. पान जरा तिरकं बसलं, की ओसीआर एका स्तंभातली ओळ शेजारच्या स्तंभाला जोडून वाचतो, आणि मग जहाजाच्या बातमीच्या मधोमध साबणाची जाहिरात निघते.

अक्षरांच्या चुका ठरलेल्या असतात, म्हणून त्यांचा उपाय करता येतो. छपाईच्या झिजलेल्या खिळ्यांमुळे 'एन'चा 'यू' होतो. लिंकन हे आडनाव दोन्हीपैकी कुठल्याही 'एन'च्या जागी 'यू' घालून शोधलं, तर एरवी हाती न लागणारी पानं सापडतात. 'आर' आणि 'एन' चिकटले की 'एम' होतो, 'ई'चा 'सी' होतो, लहान 'एल'चा आकडा एक होतो. १८०० च्या आसपासपर्यंतच्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये येणारा लांब 'एस' यंत्राला 'एफ' वाटतो. त्यामुळे अठराव्या शतकातली पत्रं धुंडाळताना शब्दातला शेवटचा सोडून बाकीच्या 'एस'च्या जागी 'एफ' घालून दुसरा शोध घ्यावाच लागतो. ओळीच्या शेवटी जोडरेघेनं तोडलेले शब्द हा आणखी एक गळतीचा रस्ता. अरुंद स्तंभात असे शब्द फार, आणि लांब शब्द जास्त तुटतात.

हिशेब मांडला की गळती केवढी आहे ते दिसतं. समजा, ओसीआर शंभरातली ९८ अक्षरं बरोबर वाचतो. ऐकायला छान. पण पाच अक्षरी शब्द पूर्ण बरोबर येण्याची शक्यता त्यातून सुमारे ९० टक्के निघते, आणि अशा तीन शब्दांचा वाक्खंड जसाच्या तसा सापडण्याची ७४ टक्के. अचूकता ९० टक्क्यांवर आली, आणि खराब फिल्मवर ती येते, तर शब्दाची शक्यता ५९ टक्के आणि तीन शब्दांच्या वाक्खंडाची जेमतेम २१ टक्के. म्हणजे अवतरणचिन्हांत लांब वाक्य घालून शोधणारा माणूस पाचातली चार पानं न बघताच सोडतो. 'सापडलं नाही' यावरून 'छापलंच नव्हतं' असा निष्कर्ष काढायचा नाही, तो याच कारणानं.

या अडचणीवर ट्रोव्हचं उत्तर फार चांगलं आहे. लेख उघडला की एका बाजूला यंत्रानं वाचलेला मजकूर आणि दुसऱ्या बाजूला छापील पान दिसतं. यंत्रानं काय गोंधळ घातलाय ते लपवलेलं नाही. वाचक मजकूर ओळीगणिक दुरुस्त करू शकतो, दुरुस्तीचा इतिहास राहतो, आणि सुधारलेला मजकूर शोधात येतो. २००८ पासून हजारो लोकांनी हे काम केलं आहे. ग्रंथालयानं वाचकावर इतका विश्वास टाकावा, ही या क्षेत्रातली मोलाची गोष्ट वाटते. फक्त एक सावधगिरी: ज्या विषयांत कुटुंबांचा इतिहास शोधणाऱ्यांना रस आहे, तिथे दुरुस्ती जास्त झालेली असते. जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी आणि अपघातांच्या बातम्या स्वच्छ, तर व्यापारी तारा आणि बाजारभाव अजून तसेच. म्हणून दोन विषयांच्या मिळालेल्या निकालांची तुलना करताना ही विषमता धरून चालावं लागतं.

दुसरा मोठा फरक तुकड्यांचा. ट्रोव्हमध्ये पान लेखांमध्ये विभागलेलं आहे, क्रॉनिकलिंग अमेरिकात शोधाचं एकक म्हणजे अख्खं पान. एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या आकाराच्या पानावर सात-आठ स्तंभ आणि हजारो शब्द असतात. त्यावर 'केबल' आणि 'लंडन' हे दोन शब्द एकमेकांशी काडीचाही संबंध नसताना सहज सापडतात. त्यामुळे तिथे साधा शोध घेऊच नका. अ‍ॅडव्हान्स्ड सर्चमध्ये जाऊन दोन शब्द एकमेकांपासून पाच किंवा दहा शब्दांच्या आत असावेत, अशी अट घाला. ट्रोव्हमध्ये हेच दोन शब्द अवतरणचिन्हांत घालून, त्यापुढे टिल्डा हे नागमोडी चिन्ह आणि अंतराचा आकडा लिहून साधतं. शिवाय ट्रोव्ह शब्दाची रूपं आपणहून धरतो, एकवचन टाकलं की अनेकवचनही आणतो. ते नको असेल, तर शब्दाआधी 'फुलटेक्स्ट' आणि विसर्गासारखे दोन टिंब लावायचे. अर्थात हे सगळं रोमन लिपीत टाइप करायचं.

लेखांची विभागणीही निर्दोष नाही. मथळा वरच्या बातमीला जोडला जातो, पुढच्या पानावर गेलेली बातमी तुटते. छोट्या जाहिरातींचा तर अख्खा स्तंभ एकच 'लेख' म्हणून नोंदलेला असतो. त्यामुळे शोध घेतल्या घेतल्या गाळण्या (फिल्टर) वापराव्यात. वर्ग चार मुख्य: लेख, जाहिराती, कौटुंबिक नोंदी, आणि याद्या-निकाल-कोष्टकं. बातमी हवी असेल तर पहिला धरा. नभोवाणीच्या इतिहासावर काम करणाऱ्यानं शेवटचा वर्ग विसरू नये. १९३० च्या दशकातली कार्यक्रमांची कोष्टकं तिथे मिळतात, आणि त्यांतून बातम्या दिवसातून किती वेळा आणि किती मिनिटं वाचल्या जात हे थेट मोजता येतं. शब्दसंख्येची गाळणी पहिल्यांदा निरुपयोगी वाटते. तारेच्या इतिहासात तीच सर्वांत कामाची आहे. ती कशी, ते एका उदाहरणावरून दाखवते.

अब्राहम लिंकन यांच्यावर १४ एप्रिल १८६५ च्या रात्री गोळी झाडली गेली, दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. अमेरिकेत तारेचं जाळं होतं, त्यामुळे क्रॉनिकलिंग अमेरिकात १५ एप्रिलच्याच अंकांत बातमी आहे. अटलांटिक महासागराखालून मात्र त्या वेळी चालू तार नव्हती. १८५८ ची केबल काही आठवड्यांतच बंद पडली होती, आणि टिकाऊ केबल जुलै १८६६ मध्ये आली. म्हणून बातमी जहाजानं गेली आणि लंडनला २६ एप्रिलला पोहोचली. आता ट्रोव्हमध्ये जा. 'लिंकन' आणि 'बूथ' (मारेकऱ्याचं आडनाव) हे शब्द वीस शब्दांच्या अंतरात मागा, १८६५ हे वर्ष निवडा, वर्ग 'लेख' ठेवा, क्रम सर्वांत जुन्यापासून लावा. 'हत्या' या अर्थाचा लांबलचक इंग्रजी शब्द मुद्दाम टाळा. तेरा अक्षरी शब्द ओसीआरमध्ये टिकणं अवघड. ऑस्ट्रेलियातल्या पत्रांत ही बातमी जूनच्या अखेरीस उगवते. घटना आणि छपाई यांत दोन महिन्यांहून जास्त अंतर.

आता तोच शोध १८८१ साठी घ्या. अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर २ जुलैला गोळीबार झाला. ऑस्ट्रेलियातल्या पत्रांत बातमी चार-पाच दिवसांच्या आत आहे. मधल्या काळात काय घडलं तेही ट्रोव्हमध्येच दिसतं. जावाहून डार्विनला येणारी समुद्राखालची केबल १८७१ च्या अखेरीस टाकली गेली. ऑस्ट्रेलिया खंडाच्या आरपार जाणारी, सुमारे ३,२०० किलोमीटरची खांबांवरची तार २२ ऑगस्ट १८७२ ला जोडली गेली. म्हणून 'ऑगस्ट १८७२ ला ऑस्ट्रेलिया जगाशी जोडला गेला' असं समजून शोधायला बसलं, तर त्या महिन्यात युरोपच्या ताज्या तारा फारशा दिसत नाहीत आणि माणूस चक्रावतो. कारण साधं आहे. समुद्राखालची केबल जूनमध्येच तुटली होती आणि ऑक्टोबरमध्ये दुरुस्त झाली. केबल दुरुस्त झाल्यानंतरच्या अंकांत 'केबल'चे मथळे नियमित येऊ लागतात. उद्घाटनाची तारीख आणि सेवा सुरू होण्याची तारीख यांतला हा फरक पुस्तकी कालपटांत गडप होतो. पानं दिवसागणिक उलटली की समोर उभा राहतो.

इथे शब्दसंख्येची गाळणी लावा. शंभरापेक्षा कमी शब्दांचे लेख वेगळे काढले की १८७२ नंतरच्या परदेशी तारा भराभर वर येतात: दोन ओळी, तीन ओळी, क्रियापदांची काटकसर. शब्दाला पैसे पडत आणि दर जबर होता, म्हणून संपादकाकडे सांगाडा येई आणि तो इथे फुलवला जाई. मग हजाराहून जास्त शब्दांची गाळणी लावा आणि तारखा सहा-सात आठवड्यांनी पुढे न्या. त्याच घटनेचं सविस्तर वर्णन टपालाच्या जहाजानं आलेलं दिसतं, 'बाय द मेल' अशा मथळ्याखाली. तार आल्यावर टपालाची बातमी संपली, हा समज या दोन गाळण्यांनी पाच मिनिटांत दूर होतो. बरीच वर्षं एकच घटना दोनदा छापली जात होती, आधी वेगासाठी, मग तपशिलासाठी. एवढा स्पष्ट पुरावा बोटावर आणून ठेवतो, यासाठीच ट्रोव्हला पूर्ण गुण द्यावेसे वाटतात.

तारखा वाचताना मात्र डोळे उघडे हवेत. एकाच बातमीला तीन तारखा असतात: घटनेची, बातमी जिथून निघाली तिथली, आणि अंकाची. संग्रहाला फक्त तिसरी माहीत असते. मजकुरात दिवसाच्या आकड्यापुढे 'अल्ट' असेल तर तो मागचा महिना, 'इन्स्ट' असेल तर चालू महिना. मेच्या अंकातली '१४ अल्ट' म्हणजे १४ एप्रिल. पण कुठून तरी आलेलं पत्र जसंच्या तसं छापलं असेल, तर 'चालू महिना' हा पत्र लिहिलेला महिना असतो, अंकाचा नव्हे. साप्ताहिकांत दैनिकांचा मजकूर पुन्हा छापला जाई, त्यामुळे तिथल्या तारखेवरून वेग मोजला तर आठवडाभराची चूक होते. वेग मोजायचा तर दैनिकंच घ्यावीत.

क्रॉनिकलिंग अमेरिकाची खरी जागा दिसते ती १५ एप्रिल १९१२ सारख्या दिवशी. टायटॅनिक त्या पहाटे बुडालं होतं, आणि किनाऱ्यावर माहिती येत होती ती वायरलेसच्या तुटक संदेशांतून. त्या संध्याकाळच्या अनेक पत्रांत सगळे प्रवासी वाचल्याचं छापलं आहे. १६ च्या सकाळी सूर बदलला. वेगवेगळ्या जहाजांचे संदेश एकमेकांत मिसळून आशादायक बातमी तयार झाली होती. संध्याकाळची पत्रं दिवसातून अनेक आवृत्त्या काढत, आणि या संग्रहात एका तारखेच्या एकाहून जास्त आवृत्त्या असतील तर त्या वेगळ्या नोंदलेल्या असतात. म्हणून तारीख उघडल्यावर पहिली आवृत्ती पाहून थांबू नये. पानाच्या वरच्या कोपऱ्यात छापलेलं आवृत्तीचं नाव वाचून त्या क्रमानं लावून घ्याव्यात. अडचण एवढीच की सगळ्या आवृत्त्या जपल्याच गेल्या नाहीत. फिल्म करताना बहुतेक वेळा एकच हाती होती. वाचलेल्यांची नावंही वायरलेसवरून आली, त्यामुळे तिथे ओसीआरच्या आधी ऑपरेटरच्या कानाची चूक आहे, आणि नाव शोधताना उच्चाराच्या जवळची रूपंही टाकून पाहावी लागतात. त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेत हौशी प्रक्षेपकांना परवाना सक्तीचा करणारा रेडिओ कायदा झाला. त्यावरची चर्चा एप्रिल ते ऑगस्टच्या अंकांतून सलग वाचावी. फार शिकण्यासारखी आहे.

पुनर्मुद्रण शोधण्यासाठीही हाच संग्रह बरा. १७९२ च्या टपाल कायद्यानं अमेरिकेतल्या संपादकांना एकमेकांना अंक फुकट पाठवायची मुभा दिली, आणि एकमेकांचा मजकूर उचलणं हा धंद्याचाच भाग झाला. एखादा किस्सा कुठून कुठे गेला हे पाहायचं, तर त्यातला चार-पाच छोट्या, पण सहसा एकत्र न येणाऱ्या शब्दांचा तुकडा घ्या, जुन्यापासून क्रम लावा, आणि तसेच आणखी दोन तुकडे घेऊन शोध पुन्हा करा. एका तुकड्यात ओसीआरनं हुकवलेलं पान दुसऱ्यात येतं. नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या 'व्हायरल टेक्स्ट्स' प्रकल्पानं हेच काम यंत्राकडून मोठ्या प्रमाणावर करून घेतलं, आणि ते जमलं ते क्रॉनिकलिंग अमेरिकाचा सगळा मजकूर एपीआयनं (म्हणजे एका संगणक-प्रणालीनं दुसरीकडून थेट माहिती मागवण्याच्या सोयीनं) आणि गठ्ठ्यानं उतरवता येतो म्हणून. सर्वांत जुनं सापडलेलं पान म्हणजे मूळ उगम, असं मात्र धरू नका. उगमाचं पत्र संग्रहात नसणं ही रोजची गोष्ट आहे.

मोजणीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. 'टेलिफोन' हा शब्द १९०५ मध्ये किती पानांवर आणि १८८५ मध्ये किती, असा आलेख काढला तर तो संग्रह कसा भरत गेला याचा आलेख होतो. आधी कोणताही शब्द न घालता, फक्त वर्षाची गाळणी लावून त्या वर्षाची एकूण पानं पाहा, आणि मिळालेली पानं त्यानं भागा. एवढ्यानंही भागत नाही. १८४० चं दैनिक चार पानी असे, १९१० चं रविवारचं पत्र पन्नास पानांच्या पुढे जाई. एकाच पत्राचा हिशेब वर्षानुवर्षं केला तर निदान शहर आणि मालक बदलत नाहीत. 'पहिल्या पानावर आली' हा महत्त्वाचा निकष मानायचा मोहही आवरावा. 'सिडनी मॉर्निंग हेरल्ड'च्या पहिल्या पानावर १९४४ पर्यंत जाहिराती होत्या, लंडनच्या 'टाइम्स'च्या १९६६ पर्यंत. मोठी बातमी आत, संपादकीयाच्या समोरच्या पानावर शोधायची.

काळाचा शब्दसंग्रह वापरल्याशिवायही गत्यंतर नाही. १९२० च्या आधी 'रेडिओ' शोधून थोडंच मिळेल. 'वायरलेस टेलिग्राफी', 'वायरलेस टेलिफोनी', 'मार्कोनीग्राम' (वायरलेसनं आलेला संदेश) टाका. १८४४ नंतरच्या काही वर्षांसाठी 'मॅग्नेटिक टेलिग्राफ' हा जोडशब्द उत्तम चालतो. नुसता 'टेलिग्राफ' टाकला की त्या नावाची डझनभर वृत्तपत्रंच येतात.

छायाचित्रांची बाजू दोन्हीकडे लंगडी आहे. मायक्रोफिल्म अक्षरांसाठी म्हणून तीव्र काळी-पांढरी काढली गेली, त्यामुळे जाळीदार ठिपक्यांनी छापलेली छायाचित्रं काळ्या डागासारखी उतरतात. वृत्तछायाचित्रणाचा इतिहास लिहिणाऱ्यानं इथून तारीख आणि पान शोधावं, चित्र मात्र मूळ कागदावरून मिळवावं. थेट कागदावरून स्कॅन केलेले काही अंक आहेत, आणि तिथला फरक पाहताक्षणी कळतो.

न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा 'पेपर्स पास्ट' २००१ पासून आहे, त्याचा उल्लेख टाळता येत नाही. लहान, नीटनेटका, लेखवार विभागलेला आणि जलद. न्यूझीलंडला केबल १८७६ मध्ये मिळाली, म्हणून १८७२ ते १८७६ या चार वर्षांत तीच बातमी ट्रोव्हमध्ये कधी आणि इथे कधी, हे शेजारी-शेजारी ठेवून पाहणं हा विद्यार्थ्यांना द्यायला उत्तम अभ्यास आहे. ध्वनी आणि दूरचित्रवाणी या तिन्हींच्या कक्षेबाहेर. अमेरिकी वाहिन्यांच्या संध्याकाळच्या बातमीपत्रांसाठी ऑगस्ट १९६८ पासूनचा व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठाचा संग्रह आणि २००९ नंतरच्या प्रसारणांसाठी इंटरनेट अर्काइव्हचा टीव्ही न्यूज विभाग बघावा. नंतरच्यात शोध उपशीर्षकांवर चालतो, आणि थेट प्रसारणातली उपशीर्षकं बोलण्याच्या काही सेकंद मागे असतात. सापडलेल्या जागेच्या थोडं आधीपासून क्लिप ऐकायची.

शेवटी, सापडलेलं जपून कसं ठेवायचं ते. ट्रोव्हमध्ये प्रत्येक लेखाला कायमचा क्रमांक असतो, संदर्भ तयार करून देणारं बटणही आहे. ब्राउझरच्या पट्टीतला शोधाचा लांब पत्ता साठवू नका, तो तुमच्या गाळण्यांचा पत्ता आहे. क्रॉनिकलिंग अमेरिकाचं जुनं संकेतस्थळ लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या मुख्य संकेतस्थळात सामावून घेतलं गेलं आहे, आणि जुन्या पुस्तकांतले दुवे त्यामुळे वेगळ्याच रूपात उघडतात. म्हणून दुव्यासोबत पाच गोष्टी हातानं लिहून ठेवा: पत्राचं नाव, गाव, तारीख, आवृत्ती, आणि पान व स्तंभ. पान लिहिताना पत्त्यातला प्रतिमेचा क्रम न घेता पानावर छापलेला आकडा घ्या. पुरवणी मध्ये आली किंवा एक पान हरवलं, की दोन्ही जुळत नाहीत. आणि पीडीएफ उतरवलीत तरी सोबत यंत्रानं वाचलेला मजकूर त्या दिवशीच्या अवस्थेत साठवा. ट्रोव्हमध्ये तो उद्या कुणीतरी दुरुस्त केलेला असेल, आणि तुमच्या शोधाचे आकडे बदललेले असतील.